कोर्टाच्या पायरीपासून गावच्या वाटेपर्यंत: शिक्षा आणि सुटकेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या माणसांसाठी हे पान आहे. ज्याच्यावर गुन्हा दाखल झाला तो, त्याच्या घरचे, ज्याचं नुकसान झालं तो, आणि हे सगळे ज्या वाडीत पुन्हा शेजारी म्हणून राहणार आहेत ती वाडी, अशा सगळ्यांचे प्रश्न इथे घेतले आहेत. आमचं म्हणणं एकच आहे. पहिल्या आणि लहान गुन्ह्यासाठी तुरुंगाशिवायचे रस्ते कायद्यात लिहून ठेवलेले आहेत, पण मागितल्याशिवाय ते फारसे उघडत नाहीत. ते कसे मागायचे आणि कुठे अडतं, ते पुढे सांगितलं आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच भारतीय दंड संहिता लागते. म्हणून वकिलाला सगळ्यात आधी घटनेची तारीख सांगा.

शिक्षा म्हणजे तुरुंगच का?

नाही. न्याय संहितेच्या कलम ४ मध्ये सहा शिक्षा आहेत: फाशी, जन्मठेप, कैद (सक्त किंवा साधी), मालमत्ता जप्ती, दंड आणि समाजसेवा. सहावी नवीन आहे. यांशिवाय समज देऊन सोडणं आणि चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडणं हे दोन मार्ग १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमात आहेत. गावात बोलताना ‘आत गेला’ आणि ‘सुटला’ एवढे दोनच शब्द वापरले जातात. या दोहोंच्या मधली जागा लोकांना माहीतच नसते.

समाजसेवेची शिक्षा कोणाला मिळते?

सहा गुन्ह्यांत. आपल्याकडे त्यातले दोन वारंवार येतात. एक म्हणजे दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घालणं (कलम ३५५). त्याला २४ तासांपर्यंत साधी कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा समाजसेवा. दुसरा म्हणजे ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी (कलम ३०३). दोषी पहिल्यांदाच ठरलेला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेचीच शिक्षा द्यायची आहे.

इथे किमतीवर सगळं अवलंबून असतं. बागेतून आंबा चोरला, तर पंचनाम्यात किंमत कोणत्या भावाने लिहिली ते बघा. हंगामाच्या तोंडावरचा हापूस आणि मे अखेरचा हापूस यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो. तोच माल एका भावाने ५,००० च्या आत बसतो, दुसऱ्या भावाने बाहेर जातो. घटनेच्या दिवशीच्या बाजारभावाची पावती किंवा बाजार समितीचा दर वकिलाकडे द्या. आणखी एक अट विसरू नका: घरात शिरून केलेली चोरी वेगळ्या कलमात (३०५) जाते, तिथे सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि ही सवलत नाही.

काम कोणतं आणि किती तास, हे संहितेने ठरवून दिलेलं नाही. न्यायालय ठरवतं. त्यामुळे ऐनवेळी ‘काम कुठे देणार, हजेरी कोण घेणार’ या प्रश्नावर गाडी अडते आणि मग दंडावर भागवलं जातं. हे टाळायचं तर सुनावणीआधीच जागा शोधा. ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र, शाळा किंवा बंदरावरची साफसफाई चालेल. तिथल्या जबाबदार व्यक्तीचं पत्र घ्या. त्यात काम कोणतं, वार आणि वेळ कोणती, हजेरीपट कोण ठेवणार, एवढं असावं. कामधंदा बुडणार नाही अशा वेळा मागा. पहाटे होडीवर जाणाऱ्याला दुपारनंतरची वेळ द्या. आणि गावकऱ्यांना कळकळीची विनंती: झाडू मारणाऱ्या माणसाचे फोटो काढून गटागटांवर फिरवू नका. न्यायालयाने काम सांगितलं आहे, धिंड काढायला सांगितलेली नाही.

परिवीक्षा म्हणजे काय? ती कशी मागायची?

परिवीक्षा म्हणजे दोष सिद्ध झाला, पण शिक्षा लगेच न सुनावता न्यायालय माणसाला देखरेखीखाली घरीच राहू देतं. आमच्या मते या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ३ नुसार, दोन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात आणि चोरी, फसवणुकीसारख्या काही कलमांत, आधी कधी दोषी न ठरलेल्या माणसाला समज देऊन सोडता येतं. कलम ४ त्याहून रुंद आहे. फाशी किंवा जन्मठेप नसलेल्या गुन्ह्यात न्यायालय बंधपत्र घेऊन माणसाला सोडू शकतं. बंधपत्राची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. देखरेखीचा आदेश दिला तर तो किमान एक वर्षाचा असतो. कलम ६ एकवीस वर्षांखालच्यांसाठी आहे. जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर अशा तरुणाला कैद देण्याआधी न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचाच आहे, आणि तरीही कैद दिली तर कारण लिहून ठेवायचं आहे.

मागणीची वेळ नेमकी आहे. दोष सिद्ध झाल्याचं न्यायाधीशांनी सांगितलं की ‘शिक्षेबाबत काही म्हणायचं आहे का’ असं विचारलं जातं. बहुतेक आरोपी तिथे हात जोडून ‘घरी आई म्हातारी आहे, दया करा’ एवढंच म्हणतात. दयेची विनंती करण्याऐवजी लेखी अर्ज द्या. सोबत लावा: वयाचा पुरावा, आधी शिक्षा नसल्याचं निवेदन, कामावर ठेवणाऱ्याचं पत्र (होडीमालक, बागायतदार, हॉटेलवाला, कोणीही), शिक्षण चालू असेल तर दाखला, नुकसान भरून दिलं असेल तर पावती. कलम ५ खाली न्यायालय भरपाईही देववू शकतं, म्हणून काही रक्कम आधीच भरायची तयारी दाखवली तर अर्जाला वजन येतं.

मग परिवीक्षा अधिकारी घरी येतो. महाराष्ट्रात हे काम महिला व बाल विकास विभागाकडे आहे. तो शेजाऱ्यांना, शाळेला, मालकाला विचारतो. तो येणार म्हणून घर सजवू नका आणि शेजाऱ्यांना पढवू नका. दारू असेल तर आहे म्हणा, आणि ती सोडण्यासाठी काय केलं ते सांगा. अहवाल गोपनीय असतो. मात्र त्याचा सारांश आरोपीला सांगून न्यायालय त्याला म्हणणं मांडू देऊ शकतं. चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

घोळ कुठे होतो? माणूस मुंबईला कामाला जातो, पत्ता बदलतो आणि अधिकाऱ्याला कळवत नाही. आपल्याकडे हे नेहमीचंच, निम्मी वाडी चाकरमानी. अटींचा भंग झाला तर कलम ९ खाली मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावता येते. पहिल्या भंगाला ५० रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवण्याची सोयही आहे. म्हणून चुकलात तर लपू नका, स्वतः हजर व्हा. पत्ता बदलण्याआधी लेखी कळवा आणि पोच घ्या.

लाच आणि अंमली पदार्थांच्या बऱ्याच गुन्ह्यांत हा कायदा लागत नाही.

वकील परवडत नाही. काय करायचं?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गनगरीला जिल्हा न्यायालयाच्या आवारात कार्यालय आहे, तालुक्याला विधी सेवा समिती असते. दूरध्वनी १५१००. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतली किंवा तुरुंगातली व्यक्ती, स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. रायगडातल्या कातकरी कुटुंबाला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणायला पाठवणं चूक आहे. कोणी पाठवलंच तर हे कलम दाखवा. मोफत वकील पैसे मागत असेल तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा.

जामीन मंजूर झाला, तरी माणूस आतच आहे. असं का?

कारण जामीनदार मिळत नाही. कोकणात हे दुखणं जुनं आहे.

जामीनदाराकडे सातबारा, आठ-अ, घरपट्टीची पावती, आधार, शिधापत्रिका आणि कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागतात. आता आपला सातबारा डोळ्यांपुढे आणा. गुंठे अकरा आणि नावं तेवीस. त्यातली चार माणसं वारलेली, वारसनोंद झालेली नाही. सहा जण मुंबईला, दोन आत्या लग्न होऊन गेलेल्या आणि हक्कसोड नाही. जामीनदाराचं नाव सतराव्या ओळीत. त्याच्या वाट्याला नेमकं काय येतं, हे त्या कागदावरून कोणालाच सांगता येत नाही, आणि न्यायालय असा जामीनदार नाकारतं. भाऊबंदकीत अडकलेली जमीन अशा वेळी कुचकामी ठरते.

मार्ग आहेत. एक, घराचा स्वतंत्र उतारा ज्याच्या एकट्याच्या नावावर आहे असा माणूस शोधा. दोन, पगारदार माणूस चालतो, पगारपत्रक आणि मालकाचा दाखला द्या. तीन, जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरण्याची परवानगी मागा. निदान चार आठवडे रोखीवर सोडावं आणि तोवर जामीनदार आणतो, असा अर्ज करता येतो. चार, रक्कम झेपणारी नसेल तर ती कमी करण्यासाठी अर्ज करा. रक्कम परिस्थितीच्या मानाने अवाजवी नसावी, असं संहितेतच लिहिलेलं आहे. पाच, जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर माणूस निर्धन आहे असं धरून त्याला जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या हमीवर) सोडायचं असतं.

आंब्याच्या बागेत राखणीला असलेला नेपाळी कामगार किंवा परप्रांतीय खलाशी यांना इथे कोणी ओळखीचं नसतं. ‘जामीनदार याच जिल्ह्याचा आणा’ असं सांगितलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या मोतीराम प्रकरणात हे चूक ठरवलं. दुसऱ्या जिल्ह्यात मालमत्ता आहे एवढ्या कारणाने जामीनदार नाकारता येत नाही. तो निकाल वकिलाला आठवून द्या.

पैशाअभावी अडलेल्यांसाठी केंद्राची गरीब कैद्यांची योजना २०२३ मध्ये सुरू झाली. ती सुरू झाली तेव्हा कच्च्या (खटला अजून चालू असलेल्या) कैद्यासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंड भरता न आल्याने आत राहिलेल्या शिक्षा झालेल्या कैद्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. जामीन मिळून सात दिवसांत माणूस बाहेर आला नाही, तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं आहे. आठव्या दिवशी तुम्हीच फोन करा.

खटला उभा न राहता किती दिवस आत ठेवता येतं?

दोन वेगळे हिशेब आहेत, त्यांची गल्लत करू नका.

पहिला आरोपपत्राचा. साधारण गुन्ह्यांत ६० दिवस. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि त्यावर शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवस. न्यायालयाने पहिली कोठडी दिली तो दिवसही मोजायचा. मुदत संपली आणि आरोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क आहे. पण अर्ज आरोपपत्र दाखल होण्याआधी करायला हवा. अर्ज करायला एक दिवस उशीर झाला आणि त्याच दिवशी आरोपपत्र आलं, तर हक्क गेला. म्हणून ६१ वा किंवा ९१ वा दिवस कॅलेंडरवर आजच खूण करून ठेवा.

दुसरा हिशेब नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ चा. जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ कच्च्या कैदेत गेला की सोडायचं. आधी कधी दोषी न ठरलेल्याला एक-तृतीयांश काळावरच. तीन वर्षांच्या चोरीत पहिल्यांदाच अडकलेल्याचं गणित एक वर्षाचं, सात वर्षांच्या घरातल्या चोरीत दोन वर्षं चार महिन्यांचं. अर्ज करणं हे कारागृह अधीक्षकांचं कर्तव्य आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला हे लागू नाही, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तर अडचण येते. १ जुलै २०२४ आधीच्या खटल्यांनाही हे लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं.

देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांमागे साधारण तीन अजून दोषी ठरलेलेच नाहीत. सुधारणेचा विचार करणाऱ्याने सुरुवात इथून करावी, असं आम्हाला मनापासून वाटतं. ज्याचा गुन्हा सिद्ध झालेला नाही त्याला तिथे काय सुधारायचं?

‘गुन्हा कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो’ असा सल्ला मिळतो. ऐकावा का?

विचार केल्याशिवाय नाही. दंड भरणं म्हणजे दोष सिद्ध होणं. ती नोंद राहते, आणि दोन वर्षांनी आखातात किंवा मर्चंट नेव्हीत जायची वेळ आली की ती पुढे येते.

तडजोडीने शिक्षा कमी करून घेण्याची रीतसर पद्धत आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत, दोषारोप ठेवल्यापासून ३० दिवसांत अर्ज करता येतो. स्त्रियांविरुद्धच्या आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांत नाही. किमान शिक्षा ठरलेली नसेल तर पहिल्या गुन्ह्याला कमाल शिक्षेच्या एक-षष्ठांशापर्यंत खाली येता येतं. पण इथेही दोष सिद्धच होतो आणि पुढे अपिलाची दारं जवळजवळ बंद होतात. गुन्हा तडजोडयोग्य यादीत बसत असेल तर दोन्ही बाजूंनी मिळून तो मिटवणं यापेक्षा चांगलं, कारण त्याचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखा असतो. बांधावरची भांडणं आणि किरकोळ मारहाण बहुधा यात बसतात. तंटामुक्त गाव समिती इथे खरंच उपयोगी पडते.

मुलगा सतरा वर्षांचा आहे. त्याला पोलिसांनी नेलं.

मग तो ‘आरोपी’ नाही, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ आहे. शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला घेऊन लगेच पोलीस ठाण्यात जा. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही. २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं असतं. मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यांपैकी एक स्त्री. विशेष गृहातली मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. १६ ते १८ वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल तर मंडळ आधी त्याच्या समजेची चाचपणी करतं, आणि मग प्रकरण बाल न्यायालयात जाऊ शकतं.

मुलाचं नाव, फोटो, शाळा छापणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. स्थानिक बातम्या देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. मंडळाने दोषी ठरवलं तरी, बाल न्यायालयात गेलेली अतिगंभीर प्रकरणं वगळता, पुढे नोकरीला अपात्रता लागत नाही आणि नोंदी नष्ट करण्याची तरतूद आहे.

गावकीने दंड केला, वाळीत टाकलं. हे चालतं का?

नाही. गुन्हा केलेल्यालाही वाळीत टाकता येत नाही, त्याच्या घरच्यांना तर नाहीच. पाणवठा, पालखी, मयत, दुकान, कशालाही अडवणं हा महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा करावा लागला त्यामागे रायगड आणि कोकणातली प्रकरणं मोठ्या संख्येने होती. शिमग्यात पालखी घरी न आणणं ही साधी गोष्ट नाही. कोकणात ज्याच्या अंगणात पालखी थांबत नाही त्याला गावात आपलं कोणी उरलं नाही असं वाटतं, आणि असा माणूस सुधारायला कारण उरत नाही. समेट घडवणं हे गावकीचं बळ आहे. शिक्षा करणं तिचं काम नाही.

तडीपारी ही शिक्षा आहे का?

कायद्याच्या भाषेत नाही, तो प्रतिबंधक आदेश आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ५५ ते ५७ खाली, दोन वर्षांपेक्षा जास्त नाही. आदेशाआधी नोटीस येते. तिला लेखी उत्तर आणि साक्षीदार द्या, तो खरा मोका असतो. आदेशाविरुद्ध ३० दिवसांत शासनाकडे अपील. तडीपार असताना सणाला चोरून घरी आलात तर नवा गुन्हा होतो. घरी मयत किंवा आजारपण असेल तर तात्पुरत्या परवानगीचा अर्ज करा.

रत्नागिरीला दूरची माणसं आणून ठेवण्याचा इतिहास आहे. ब्रह्मदेशचा थिबा राजा इथेच १९१६ मध्ये वारला, आणि सावरकर १९२४ ते १९३७ स्थानबद्ध होते. आज उलट होतं, चिपळूणचा पोरगा महाडला जातो. त्याचं काम सुटतं, घर तुटतं, आणि जिथे जातो तिथे त्याला ओळखणारं कोणी नसतं. टोळीने दहशत माजवणाऱ्यासाठी हे हत्यार ठीक आहे. दोन भांडणांच्या नोंदीवर ते उचलू नये, असं आमचं मत आहे.

कुठे ठेवतील? भेट कशी होते?

रत्नागिरीला विशेष कारागृह आहे, सावंतवाडी आणि सिंधुदुर्गनगरीला जिल्हा कारागृह, अलिबागचं कारागृह हिराकोट किल्ल्यात. मोठी शिक्षा लागली की बहुधा मध्यवर्ती कारागृहात हलवतात: कोल्हापूरचं कळंबा, येरवडा, ठाणे किंवा तळोजा. वेंगुर्ल्याच्या आईला घाट चढून जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि भाडं. म्हणून ई-मुलाखत वापरा. ई-प्रिझन्सच्या संकेतस्थळावर भेटणाऱ्याची माहिती, ओळखपत्र आणि बंद्याचं नाव भरा, मंजुरी आली की दिलेल्या वेळी मोबाइलवर बोलता येतं. प्रत्यक्ष भेटीला मूळ आधार न्या, छायाप्रतीवर परत पाठवतात. घरचं जेवण परवानगीशिवाय आत जात नाही, कॅन्टीनसाठी पैसे जमा करता येतात.

जातीवर कामं वाटणं, कोणाला स्वयंपाक आणि कोणाला संडास साफ करणं, हे सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात घटनाबाह्य ठरवलं. असं घडत असेल तर अधीक्षकांकडे आणि विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी द्या.

फर्लो आणि पॅरोलमध्ये फरक काय?

दोन्ही म्हणजे शिक्षा भोगत असताना मिळणारी काही दिवसांची सुट्टी. फर्लोला वेगळं कारण लागत नाही. ठरावीक काळ शिक्षा भोगली आणि वागणूक चांगली असली की तो मागता येतो, आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोल कारणासाठी असतो: आजारपण, मयत, लग्न, घर कोसळणं. ते दिवस शिक्षेत धरत नाहीत, तेवढे पुढे भोगावे लागतात. फर्लो कारागृह उपमहानिरीक्षक देतात, नेहमीचा पॅरोल विभागीय आयुक्त, आणि तातडीचा पॅरोल अधीक्षकांच्या पातळीवर मिळतो.

अर्ज अडतो तो गावच्या पोलीस अहवालापाशी. हवालदार घरी येतो तेव्हा दार बंद असतं, जामीनदार मुंबईत असतो, आणि ‘जामीनदार मिळून आला नाही’ असा शेरा जातो. अर्ज केला की जामीनदाराने स्वतः ठाण्यात जाऊन भेटावं. फिर्यादीच्या घराशेजारीच राहणार असाल तर सुट्टीपुरतं मामाकडे किंवा बहिणीकडे राहण्याचा पत्ता द्या, त्याने नकाराचं मोठं कारण जातं.

परतीच्या दिवशी उशीर करू नका. पावसात घाट बंद झाला तरी जवळच्या पोलीस ठाण्यात हजर होऊन नोंद घ्या. फरार झाल्याची नोंद झाली की माफीचे (शिक्षेत मिळालेल्या सुटीचे) दिवस जातात आणि पुढचे अर्ज नाकारले जातात.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं ना?

नाही. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. गोपाळ गोडसे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच हे सांगितलं. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली तर चौदा वर्षांआधी शासन सोडू शकत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. त्यानंतर सोडायचं की नाही ते गुन्ह्याचं स्वरूप, वागणूक आणि अहवाल बघून ठरतं.

अपील कुठे करायचं?

न्यायदंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात ३० दिवसांत, सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात ६० दिवसांत. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची अपिलं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, रायगडची मुंबईला. निकालाची प्रत आरोपीला मोफत मिळते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल आणि माणूस जामिनावर असेल तर अपील करेपर्यंत जामीन तिथेच मागा.

हे सगळं गुन्हेगारासाठी. ज्याचं नुकसान झालं त्याचं काय?

हा प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणाऱ्यावर कोणी चिडू नये. तपास कुठवर आला ते ९० दिवसांत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. आरोपी निर्दोष सुटला, शिक्षा कमी गुन्ह्याची झाली किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडित स्वतः अपील करू शकतो. भरपाईसाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, आरोपी सापडला नसला तरी. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे.

स्त्रिया आणि मुलांवरचे अत्याचार, ठरवून केलेला हिंसाचार, टोळ्या, यांत तुरुंग हवाच. तिथे गावाच्या दबावाखाली ‘मिटवून टाका’ म्हणणं हा पीडितेवर दुसरा अन्याय आहे. पण शिक्षा नुसती वाढवून गुन्हे थांबत नाहीत. पकडले जाऊच याची खात्री जितकी जास्त, तितका धाक जास्त. पाच वर्षांची शिक्षा दहा केली आणि खटला बारा वर्षं चालला, तर त्या दहाचा धाक कोणाला वाटणार?

पासपोर्ट आणि नोकरीचं काय?

खटला चालू असेल तर पासपोर्ट कायमचा बंद होत नाही. न्यायालयाची परवानगी घेऊन मिळतो. १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे आदेशात मुदत लिहिली नसेल तर पासपोर्ट एक वर्षाचाच निघतो, म्हणून अर्जातच मुदत मागा. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली असेल तर त्यानंतर पाच वर्षं पासपोर्ट नाकारता येतो.

नोकरीच्या अर्जात गुन्ह्याबद्दल विचारलं असेल तर लपवू नका. चारित्र्य पडताळणीत ते बाहेर येतं, आणि मूळ किरकोळ गुन्ह्यापेक्षा लपवणं जड जातं. परिवीक्षेवर सुटलेल्याला परिवीक्षा अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे कायद्याने येणारी अपात्रता लागत नाही. मात्र दोषसिद्धी पुसली जात नाही, आणि सरकारी नोकरीत मूळ वर्तनाबद्दल कारवाई होऊ शकते.

सुटकेच्या दिवशी आणि नंतर काय करायचं?

सुटकेचा आदेश संध्याकाळच्या बंदीनंतर पोचला तर माणूस बहुधा दुसऱ्या सकाळी बाहेर येतो. एकाने तरी दाराशी उभं राहा. पिशवीत दोन कपडे आणि खिशात मोजके पैसे घेऊन बाहेर पडलेल्या माणसाची शेवटची एसटी चुकली, तर रात्र स्टँडवर जाते, आणि तिथे त्याला शोधणारे जुने साथीदार बरोबर पोचतात.

निघण्याआधी तीन गोष्टी मोजून घ्या: सुटकेचा दाखला, जमा केलेल्या वस्तू, आणि कामाची उरलेली मजुरी. आतमध्ये प्रशिक्षण घेतलं असेल तर त्याचं प्रमाणपत्र. राज्य सहकारी बँकेच्या ‘जिव्हाळा’ योजनेतून आत असताना कर्ज घेतलं असेल तर हप्त्यांचा हिशेब लिहून आणा.

मग आधारचा पत्ता, बंद पडलेलं बँक खातं, शिधापत्रिकेवरचं नाव आणि मतदार यादी. समुद्रावर जाणाऱ्याने मच्छीमार ओळखपत्राची मुदत बघावी, त्याशिवाय तांडेल (होडीचा प्रमुख) घेत नाही. सुटकेची तारीख आधी कळते, तेव्हा महिना बघून काम ठरवा. पावसाळी मासेमारी बंदीत सुटणाऱ्याला होडीचं काम नारळी पौर्णिमेपर्यंत नाही, बांधकामही थंड. पण जून-जुलैत लावणीला माणूस कोणालाही हवाच असतो. फेब्रुवारी ते मे बागेत राखण, काढणी, पेटी भरणं. पगार कमी असला तरी पहिल्या आठवड्यात काम लागणं महत्त्वाचं. मालकाशी बोलायला घरच्या कोणी तरी सुटकेच्या महिनाभर आधी जावं, आणि गुन्हा काय होता ते त्याला खरं सांगावं.

दारू किंवा गांजाची सवय असेल तर उपचार सुटकेनंतरच्या पहिल्याच आठवड्यात सुरू करा. आत असताना शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर येऊन जुन्याच मात्रेने सुरुवात केली तर जिवावर बेततं.

आणि पहिले काही दिवस माणूस घरात गप्प बसून राहतो, दार लावून घेतो, मोकळ्यावर झोपू शकत नाही. त्याला ‘आता तरी सुधार’ असं रोज ऐकवू नका. सकाळी विहिरीवर जाताना हाक मारा आणि कळशी त्याच्या हातात द्या.